शिंदीचं दुसरं झाड

शिंदी म्हणतात त्याला, तिकडे राचाच्या डोंगरात.
आपल्या शिंदीशी त्याचं काही नातं नाही,
ना झावळी, ना ताडी, ना मडकं.
झुडूप म्हणावं तर उंच, झाड म्हणावं तर बुटकं,
फळ बोराहून लांबट, लालभडक,
आणि पुरतं पिकेतो जीभ आवळून धरणारं.

नाझिब्रोलानं कुंडीत बी पुरलं तेव्हा
उशांगी कुंपणापलीकडून म्हणाला होता :
दोन हिवाळे झोपतं ते. तू तोवर जागी राहशील?
तेव्हा बोलत होते एकमेकांशी.

पहिला बर्फ आला, गेला. कुंडीत नुसती माती.
दुसऱ्या हिवाळ्यात मांजरानं ती उकरली,
तिनं शिव्या देत पुन्हा थोपटली.
मग एप्रिलात दोन पानं,
कात्री उघडावी तशी.

त्याच उन्हाळ्यात कुंपणाचा वाद झाला.
हातभर जमीन. हातभरही नाही खरं तर,
कुदळीच्या दांड्याएवढी.
अकरा वर्षं.
दोन्ही घरांत लग्नं झाली, बोलावणी गेली नाहीत.
त्याची गाय मेली, ते तिला पोस्टमनकडून कळलं,
पोस्टमन तर चार मैलांवरून येतो.

झाडानं यातलं काही मनावर घेतलं नाही.
मार्चमध्ये, शिखरं अजून पांढरी असताना,
उघड्या काटक्यांवर फुलं,
ओल्या हाताची हळद झटकावी तशी,
पान औषधालाही नाही.
आणि ऑगस्टमध्ये सोळा फळं.
पुढच्या साली नऊ.
मोजली तिनं, कारण मोजण्याइतकीच होती.

भाचा जाउरी बस चालवतो कुताइसीची,
जगातलं सगळं त्याला ठाऊक असतं. तो म्हणाला :
एकट्यानं होत नाही मावशी.
दुसरं हवं, निराळ्या बीचं,
थंडीतली मधमाशी पोचेल इतक्या अंतरावर.
आणि मग गप्प बसला,
कारण दुसरं कुठे होतं ते गावाला माहीत होतं :
वरच्या कुरणात, नदीपलीकडे,
उशांगीच्या बापानं लावलेलं.

मागणं तिच्यानं झालं नाही.
चोरायला गेली. पहाटे, स्वयंपाकघरातली सुरी घेऊन.
पण शिंदीचं लाकूड म्हणजे लोखंडाचा चुलतभाऊ,
पाण्यात टाकलं तर बुडतं.
सुरी घसरली, अंगठा चिरला,
फांदीवर नुसता ओरखडा राहिला
आणि थोडं रक्त, फळाच्याच रंगाचं.

दुसऱ्या दिवशी कुंपणावर बादली.
पत्र्याची, अर्धी पाण्यानं भरलेली,
आत करवतीनं नीट कापलेल्या फुलांच्या फांद्या.
कुणी नव्हतं.
तिनं बादली आपल्या झाडात टांगली,
नवऱ्याच्या जुन्या पट्ट्यानं.
दुपारी ऊन पडलं. माश्या आल्या.

त्या ऑगस्टमध्ये ती रात्री जागीच असायची,
झाडाखाली जुन्या चादरी अंथरून,
टप्. मग बराच वेळ काही नाही. टप् टप्.
तोडायचं नाही हे फळ, पडू द्यायचं,
पडतं तेव्हाच गोड झालेलं असतं.
मुरंबा झाला. लसूण-कोथिंबीर घालून आंबट चटणी झाली.
पोटदुखीसाठी म्हणून शेरभर गच्चीवर वाळवली.
बिया बशीत राहिल्या, कोरड्या, खुळखुळणाऱ्या.

आता ती बादली.
रिकामं भांडं कुणी परत करतं का?
दोन बरण्या ठेवल्या तिनं आत,
वर फडकं बांधलं, कुंपणावर टांगली,
आणि घरात जाऊन पडद्याआड उभी राहिली,
साठ वर्षांची बाई.

तिसऱ्या दिवशी उशांगी कुंपणाशी आला.
खाकरला.
अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलला :
चटणीत लसूण कमी पडलाय.

कमी नाही पडलेला, ती म्हणाली,
तुझी जीभ गेली.

कुंपण अजून तिथंच आहे,
त्याच्या म्हणण्याप्रमाणे हातभर अलीकडे,
तिच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडे.
फक्त एका खुंटावर बादलीच्या कडीचा
गंजका ठसा आहे,
तो दर मार्चला थोडा खोल जातो.